ह्यांच्याशिवाय पहिला नाताळ, आणि मुलगा म्हणतो मी चर्चला येणार नाही

पत्र बरंच मोठं होतं, त्यातलं मुख्य तेवढं त्यांच्याच शब्दांत देतेय. नाव देत नाहीये.

"ताई, सप्रेम सलाम. मी ५८ वर्षांची, कळव्याला राहते, मूळचे आम्ही नगरकडचे. माझे मिस्टर ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीतून रिटायर झाले आणि ह्या मार्चमध्ये वारले. लिव्हरचं दुखणं, सव्वा महिना हॉस्पिटल. सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, काही जणांनी उपास धरले. मुलगा एकुलता एक, आयटीत आहे, घणसोलीला राहतो, सून हिंदू आहे, स्वभावाने फार चांगली. मार्चपासून मुलाने चर्चमध्ये पाय ठेवला नाही. म्हणतो देव असता तर एवढ्या लोकांचं ऐकलं असतं, यंदा नाताळला मी येणार नाही, तू आग्रह करू नको. सून विचारते, आई, ह्या वर्षी स्टार लावायचा का, करंज्या करायच्या का? करंज्यांना कातण फिरवायचं काम दरवर्षी ह्यांचंच असायचं. काय सांगू तिला? आमच्यातले एक नातेवाईक दफनविधी झाल्या झाल्याच बोलून गेले की घरात विश्वास कमी पडला म्हणून भाऊ गेले. ते वाक्य डोक्यातून जात नाही. ते दरवर्षी पंचवीस तारखेला आमच्याकडे जेवायला असतात, यंदा बोलवू का? रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप नाही, एकटीसाठी स्वयंपाक करावासा वाटत नाही. आणि खरं सांगू का, प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत. चर्चमध्ये आगमनकाळाची, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतली, पहिली मेणबत्ती लावली, आशेची, सगळे आशा आशा म्हणत होते, माझ्या आत काहीच हललं नाही. माझा विश्वास संपला का?"

ताई, सप्रेम सलाम.

आधी त्या नातेवाईकांचं वाक्य बाजूला करूया, कारण ते मध्ये अडून बसलंय तोवर मी पुढे काहीही लिहिलं तरी ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही. घरात विश्वास कमी पडला म्हणून गेले, हे चूक आहे. बोलण्याच्या ओघात झालेली चूक म्हणून सोडून देण्यासारखं नाहीये ते, ते शुभवर्तमानाच्याच विरुद्ध आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो आणि शिष्य लगेच विचारतात की पाप कुणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं, तर येशू म्हणतो ह्याचंही नाही आणि ह्याच्या आईबापाचंही नाही. ईयोबाचं आठवा, त्याचे मित्र राखेत बसलेल्या माणसाला सांगत होते की बाबा तुझंच काहीतरी चुकलं असणार, आणि शेवटी देवाचा राग पेटतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. आणि विश्वास भरपूर असला की माणूस मरत नाही असं असतं तर आपल्या ठाण्यातच १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती असे चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, त्यांचा काय विश्वास कमी होता? विश्वासापायी जीव दिला त्यांनी. तुमच्या मिस्टरांचं लिव्हर गेलं होतं, डॉक्टरांनी जमेल ते केलं, मंडळीनेही केलं, आणि ते गेले. ह्याच्यात तुमच्या प्रार्थनेचे मार्क कमी पडले असं कुठेही नाही. हे वाक्य परत डोक्यात आलं की मोठ्याने म्हणा, हे खोटं आहे. घरात एकट्या असाल तरी मोठ्याने म्हणा.

आता मुलाचं बोलूया, त्याचं ते वाक्य वाचून मला धक्का वगैरे काही बसला नाही. देव असता तर ऐकलं असतं. ताई, हे बायबलच्या बाहेरचं बोलणं नाहीये हो. तलावपाळीजवळचं आपलं ते जुनं चर्च ज्याच्या नावाने आहे ना, बाप्तिस्मा करणारा योहान, त्याने जवळजवळ हेच विचारलंय. ज्याने यार्देनेकाठी उभं राहून सगळ्यांना बोट दाखवून सांगितलं की हा बघा देवाचा कोकरा, तोच योहान पुढे हेरोदाच्या तुरुंगात पडला आणि तिथून त्याने आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवलं, विचारायला, की जो येणार होता तो तूच का, का आम्ही अजून दुसऱ्याची वाट बघायची? मत्तयाचा अकरावा अध्याय. आणि हा उतारा कितीतरी चर्चमध्ये आगमनकाळातच वाचला जातो, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर! गोड गोड वाटावं म्हणून वाचत नाहीत तो. वाट बघणाऱ्या माणसाला शंका येते आणि ती शंका ह्या सणाच्या आतच आहे, म्हणून वाचतात.

येशूने काय उत्तर दिलं ते नीट बघा. जाऊन योहानाला सांगा, आंधळे बघतायत, लंगडे चालतायत, कुष्ठरोगी शुद्ध होतायत, बहिरे ऐकतायत, मेलेले उठतायत, गरिबांना सुवार्ता मिळतेय. एवढी मोठी यादी आहे आणि त्यात एक गोष्ट नाही. कैदी सुटतायत, हे नाही. लूकमध्ये नासरेथच्या सभास्थानात यशयाचं वाचन झालं तेव्हा बंदिवानांची सुटका हे शब्द होते की त्यात, पण तुरुंगातल्या योहानाला पाठवलेल्या निरोपात ते नाहीत. योहानाला ते कळलं नसेल का? मला तरी वाटतं कळलं असणार. आणि तो सुटला नाही, त्याचं डोकं उडवलं गेलं. तुमच्या घरी तेच झालं ना. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन सक्सेसफुल झालं, त्याने चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, आणि तुमच्या माणसाचं नाव त्या यादीत आलं नाही. मुलाला जे टोचतंय ते हेच आहे, आणि ते टोचण्यासारखंच आहे, त्याला उगाच गुळगुळीत करू नका.

पण पुढचं पण वाचा. शिष्य निरोप घेऊन गेले आणि येशू लोकांकडे वळला, तेव्हा तो योहानाला बोल लावू शकला असता, की बघा कसा डळमळला, पण तो म्हणाला स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कुणी झाला नाही. शंका विचारून अजून अर्धा तासही झाला नसेल तेव्हा हे! आणि योहान मारला गेल्याची बातमी आली तेव्हा येशू होडीत बसून एकांतात निघून गेला. लोक त्याच्या मागे आलेच, त्याने त्यांचं केलंही सगळं, पण आधी तो एकटा निघून गेला, हे मत्तयाने लिहून ठेवलंय. तुम्हाला ह्या वर्षी चार लोकांत बसवत नाही, कॅरल सुरू झाले की उठून जावंसं वाटतं, तर ह्यात विश्वासाचा कमीपणा कुठे आला?

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे, नाही, तुमचा विश्वास संपलेला नाही. तुम्ही दमल्या आहात आणि तुम्हाला दुःख झालंय. आशा म्हणजे आतून काहीतरी उबदार वाटणं असं आपण धरून चालतो, मेणबत्ती लावली की वाटलं पाहिजे, गाणं म्हटलं की वाटलं पाहिजे. पौल तर रोमकरांना लिहितो की जे दिसतं त्याची आशा कोण कशाला करेल, न दिसणाऱ्याचीच आशा असते आणि तिची वाट धीराने बघायची असते. आणि तिथेच, दोन ओळींवर, तो लिहितो की प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत विनंती करतो, शब्दांत न सांगता येणारं कण्हणं. तुम्हाला शब्द येत नाहीत म्हणता, मग बिनशब्दांच्या बसा. दहा मिनिटं. रोजची जागा असेल तिथे, बायबल मांडीवर, उघडायलाच पाहिजे असं नाही. फारच राग आला तर स्तोत्र ८८ काढा, ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा बिलासा काही नाही, आणि तरी ते देवाशीच बोलणं आहे. आपल्या लोकांना ते स्तोत्र कुणी फारसं वाचून दाखवत नाही ह्याचं मला वाईट वाटतं, अशा घरांना त्याचीच गरज असते.

आणि नाताळच्या गोष्टीत एक विधवा आहे, ताई. आपल्याकडे संडे स्कूलच्या नाटकात मरिया असते, योसेफ असतो, मेंढपाळांना बापाची लुंगी नि डोक्याला टॉवेल, मागी लोकांना, म्हणजे ताऱ्यामागून आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, जिलेटिनचे मुकुट, अगदी मेंढरं सुद्धा असतात, पण हन्नाचा रोल कुणाला दिलेला मी पाहिलेला नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहे ती, फनुएलाची मुलगी. लग्नानंतर सात वर्षं संसार झाला आणि नवरा गेला, आणि मग चौऱ्याऐंशी वर्षांची होईपर्यंत ती मंदिरातच, उपास नि प्रार्थना रात्रंदिवस. सात वर्षांच्या संसारानंतर एवढा काळ! त्यात तिला कितीदा शब्द आले नसतील, कितीदा आत काही हललं नसेल, लूकने ते लिहिलेलं नाही पण बाईमाणूस म्हणून आपल्याला ते कळतं. आणि मग एक दिवस एक गरीब जोडपं तान्हं बाळ घेऊन आलं, बरोबर दोन पक्ष्यांचं अर्पण, कारण मेंढरू परवडत नव्हतं, मंदिरातल्या एवढ्या गर्दीत त्या बाळाकडे कुणाचं लक्षही गेलं नसेल, आणि हिला बरोबर कळलं. ती आभार मानायला लागली आणि यरुशलेमच्या सुटकेची वाट बघणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाबद्दल सांगायला लागली. तिचा नवरा काही परत आला नाही. तिचं दुःख देवाने पुसून टाकलं असंही कुठे लिहिलेलं नाही. पण इतकी वर्षं वाट बघून तिची नजर तयार झाली होती, बाकीच्यांना जे दिसलं नाही ते तिला दिसलं. ख्रिस्ती आशा म्हणतात ती मला हन्नात दिसते, नाचगाण्याची नव्हे, आहे त्या जागी टिकून राहणाऱ्या माणसाची. चार मेणबत्त्या चार रविवारी एकेक करून लावतात त्यामागे पण हेच आहे, सगळा उजेड पहिल्याच रविवारी मागत नाहीत. तुमची पहिली लागली आणि काही वाटलं नाही, ठीक आहे, अजून आहेत.

आता मुलाचं प्रॅक्टिकल. त्याला यंदा चर्चला नेऊ नका. आग्रह नाही, डोळ्यांत पाणी आणून नाही, आणि मुख्य म्हणजे पप्पांची शेवटची इच्छा होती असं तर अजिबात म्हणू नका, खरंच तशी इच्छा असली तरी. गेलेल्या माणसाचं नाव वापरून पोराला बाकावर आणून बसवता येईल, पण मग तो त्या बाकाचा पण राग करेल आणि बापाच्या आठवणीचा पण. सुनेच्या हातीही निरोप पाठवू नका, जरा सांग ना गं त्याला वगैरे, ती बिचारी दोन्हीकडून भरडली जाईल.

तुम्ही नगरच्या म्हणून सांगते, टिळकांचं तुमच्या घरात बोलणं झालंच असेल. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत, किती वर्षं दोघं वेगळे राहिले, नात्यागोत्यात काय काय बोललं गेलं असेल त्याची कल्पना करा. पण नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको आपोआप झाली असं झालं नाही. त्या परत आल्या, आपल्या डोळ्यांनी बघितलं, आपल्या डोक्याने विचार केला, आणि मग स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. म्हणूनच तो विश्वास इतका त्यांचा स्वतःचा होता, टिळकांचं अर्धं राहिलेलं ख्रिस्तायन, ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य, पुढे त्यांनीच पूर्ण केलं. मी असं म्हणत नाही की तुमचा मुलगा पण अमुक वर्षांनी परत येईलच, मला ते माहीत नाही आणि असा शब्द कुणी कुणाला देऊ नये. एवढंच म्हणते की आपल्याच घराण्यांतला, आपल्याच नगरचा इतिहास आहे की ढकलून आणलेल्या विश्वासापेक्षा मोकळं सोडलेल्या माणसाचा विश्वास जास्त खोल जातो.

मग त्याच्याशी बोलायचं काय? पप्पांबद्दल बोला. माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल, की मार्चपासून तुम्ही दोघं चर्चवरून भांडलात पण हॉस्पिटलच्या त्या सव्वा महिन्याबद्दल एकदाही नीट बसून बोलला नाहीत. रात्रपाळीला तो थांबत होता का, शेवटी काय बघितलं त्याने, डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं जे त्याने तुम्हाला सांगितलं नाही. आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीत बसून त्या पोराने पण प्रार्थना केली असेल हो, कुणाला न सांगता, आणि म्हणून एवढा राग. ज्याने मागितलंच नाही त्याला राग येत नाही. त्याला विचारा, तू तेव्हा काय मागितलं होतंस? आणि मग तो बोलला तर मध्ये वचन सांगू नका. ऐका फक्त. तुमचंही सांगा, की मला पण शब्द येत नाहीत बाळा. त्याला वाटत असेल आईला सगळं पटलंय, आई देवाच्या बाजूला आहे नि मी एकटा ह्या बाजूला, त्याला कळू दे की आई पण तेच विचारतेय, फक्त ज्याला विचारायचं त्यालाच विचारतेय, तुरुंगातल्या योहानासारखं.

स्टार लावा. पण दरवर्षी लागतो, लोक काय म्हणतील, बिल्डिंगमध्ये आपलंच एक ख्रिस्ती घर, ह्या कारणाने नको. तो स्टार सणाची खुशी दाखवायला असतो असं आपल्याला वाटतं, पण मागी लोकांनी तारा बघितला तेव्हा ते घरापासून लांब होते आणि कुठे जायचंय ते त्यांना धड माहीत नव्हतं, यरुशलेमला जाऊन विचारावं लागलं त्यांना. म्हणजे वाट न सापडलेल्या माणसांचा तारा आहे तो, तुमच्या खिडकीत यंदा जास्तच शोभेल. मुलाला फोन करून एवढंच सांगा की माळ्यावरून स्टारचा खोका काढून द्यायला ये, माझा हात पोचत नाही. धर्माचं काही नाही त्यात, स्टुलावर चढायचं काम आहे. बापाने गेल्या वर्षी ज्या वायरने ग्रिलला बांधला होता ती वायर त्याच खोक्यात असेल, सुटी करून, गुंडाळून ठेवलेली, होल्डरला इन्सुलेशन टेप लावलेली, कंपनीत काम केलेली माणसं ठेवतात तशी. ती हातात आली की पोराला काय होईल ते होऊ दे, तुम्ही किचनमध्ये जा, चहा टाका. बल्ब गेलेला असला तर जांभळी नाक्याच्या मार्केटमधून दोघं जाऊन आणा.

करंज्यांचं सुनेला सांगा की हो, करूया, पण थोड्या. पन्नास घरी ताटं पाठवायचं वर्ष नाही हे, शेजारचं एक घर, चर्चमधलं एखादं, बास. ती दिवाळीला माहेरी करंज्या करतच असेल, तिला शिकवायला वगैरे जाऊ नका, तिच्या हाताचं सारण घ्या ह्या वेळी, वेलची जास्त घालते का जायफळ ते बघा. कातण कुणाच्या हातात द्यायची हे मी इथे बसून सांगू शकत नाही. कदाचित तुम्हीच घ्याल. कदाचित यंदा कडा नुसत्या मुरड घालून कराल आणि कातण ड्रॉवरमध्येच राहू द्याल, तेही चालेल. आणि सुनेबद्दल एक गोष्ट, ती विचारतेय म्हणजे तिला ह्या घराचं पडलंय. तिने चर्चला यावं का, पुढेमागे बाप्तिस्मा घ्यावा का, हे विषय ह्या महिन्यात काढूच नका, कुणी नातेवाईकाने काढला तर तुम्ही थांबवा. जमलं तर तिच्या आईवडिलांना सव्वीस-सत्तावीसला जेवायला बोलवा. त्यांचेही व्याही गेलेत मार्चमध्ये, त्यांना पण नीट बोलायला मिळालं नसेल.

तुम्ही स्वतः चर्चला जा, पण तुमच्या सोयीने. चोवीसच्या रात्रीची उपासना झेपणार नसेल तर पंचवीसच्या सकाळची गाठा. पाळकसाहेबांना आधीच फोन करून सांगून ठेवा की मी मागे कडेला बसेन, मधेच उठून गेले तर कुणाला मागे पाठवू नका, आणि स्टेजवर बोलवून माझ्यासाठी प्रार्थना वगैरे नको. कॅरल पार्टी घरी येणार असेल तर एकच गाणं म्हणा म्हणून सांगा, मुलं समजून घेतात, मोठ्यांपेक्षा चांगलं घेतात. दफनभूमीत जायचं असेल तर चोवीसच्या सकाळी जा, संध्याकाळपर्यंत गर्दी आणि ट्रॅफिक दोन्ही वाढतं, आणि एकट्या जाऊ नका, एक मैत्रीण बरोबर घ्या जी फार बोलत नाही. आणि नाताळ पंचवीसला संपत नाही हे लक्षात ठेवा, चर्चच्या कॅलेंडरमध्ये तो ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो, तेव्हा जे पंचवीसला जमलं नाही ते तीस तारखेला करा, कुणी विचारलं तर सांगा अजून सीझन चालू आहे. एकतीसच्या वॉचनाइटचं, म्हणजे वर्ष सरतानाच्या रात्रीच्या उपासनेचं, मात्र मी म्हणेन आधीच ठरवून टाका जायचं का नाही, कारण ज्या वर्षात आपलं माणूस शेवटचं होतं ते वर्ष सोडून जायला बऱ्याच बायकांना पंचवीसपेक्षा जास्त जड जातं, आणि ते आधी कुणी सांगत नाही.

झोपेचं आणि जेवणाचं तुम्ही पत्रात दोन ओळींत उरकलंत, मी नाही उरकणार. मार्चपासून आजपर्यंत रात्री तीनपर्यंत जाग आणि जेवणाची इच्छा नाही, हे नुसतं दुःख म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर चालतील सुरुवातीला, शुगर, थायरॉइड, बीपी बघू दे, आणि त्यांना झोपेबरोबर मनाचंही सांगा. घराबाहेर पडवत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला छताकडे बघत पडण्यापेक्षा तो नंबर लावा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे प्रभूवर भरवसा नाही असं कुणी म्हणालं तर सांगा की लूक स्वतः वैद्य होता, पौलानेच तसं लिहिलंय. आणि दुपारचं एक जेवण तरी कुणाबरोबर तरी जेवा, शेजारणीकडे डबा घेऊन जा, ठाण्याहून घणसोलीला ट्रान्स हार्बरने अर्ध्या तासाच्या आत पोचता, आठवड्यातून एक दिवस सुनेकडे जा. बोलवायची वाट बघू नका, कळवून जा.

राहिले ते नातेवाईक. पंचवीसला त्यांना जेवायला बोलवू का विचारलंत. यंदा नको. क्षमा करायची आहे, कराल तुम्ही, मला तुमच्या पत्रावरून दिसतंय की कराल, पण क्षमा केली म्हणजे त्याच माणसाला त्याच वर्षी तुमच्या मिस्टरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसवून मटण वाढलंच पाहिजे असा नियम कुठेही नाही, आणि तुमच्या मुलाने ते वाक्य ऐकलंय की नाही तेही तुम्हाला माहीत नाही. साधा मेसेज टाका, ह्या वर्षी घरच्या घरीच आहोत, नवीन वर्षात भेटू. जानेवारीत बोलवा, चहाला, आणि तेव्हा त्यांना तोंडावर सांगा की तुमचं ते बोलणं मला लागलं होतं.